पैठणीतील आजी : वारशाच्या वस्तूचे एक काव्यरूप

जयपूरच्या राजवाड्यातील मुबारक महालात, १९५९ साली स्थापन झालेल्या संग्रहालयाच्या वस्त्रदालनात, सवाई माधोसिंह पहिला याचा एक आतमसुख ठेवलेला आहे. आतमसुख म्हणजे थंडीच्या दिवसांत इतर कपड्यांवरून घालावयाचा पायघोळ झगा. प्रेक्षक प्रथम थक्क होतो तो त्याच्या आकाराने. राजाच्या अवाढव्य देहाविषयीच्या दंतकथा तेथील वाटाडे मोठ्या हौसेने सांगतात. मराठी प्रेक्षकाला ह्या वस्त्रापुढे आणखीही काही आठवावे. माधोसिंह गादीवर आला तो ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये विषप्राशन करून जीव दिल्यावर, आणि मल्हारराव होळकरांच्या पाठबळावर. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली आणि तीत हजारो माणसे मारली गेली. एवढा इतिहास जवळ असूनही ते वस्त्र मुके आहे. एके काळी ते राजघराण्याच्या खाजगी ठेवीतले होते, आणि बापाचा किंवा आज्याचा कपडा म्हणून त्याकडे पाहणारे कोणीतरी होते. आज ते काचेआड आहे. त्याला काळ आहे, कारागिरी आहे, पण त्याच्याशी नाते सांगणारे कोणी समोर उभे राहत नाही. जुनी वस्तू आणि वारशाची वस्तू यांतला फरक ध्यानात घ्यावयाचा तर ह्या झग्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे.

ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शान्ता शेळके (१९२२–२००२) यांची ‘पैठणी’ ही कविता उभी आहे. मराठी वाचकांना ती इतकी परिचित आहे, स्नेहसंमेलनांतून आणि घरगुती मैफलींतून ती इतक्या वेळा म्हटली गेली आहे, की तिच्याकडे काव्य म्हणून पाहण्याची गरज क्वचितच कोणास वाटली. लोकप्रियतेने होणारे हे नुकसान मोठे आहे. भाविक कंठांनी आळवलेली कविता भाबडीच असणार, असा एक समज समीक्षकांत रूढ असतो. आणि ‘पैठणी’ तर आजीची, जुन्या लुगड्याची, अत्तराच्या वासाची कविता! ती बाजूला सारण्यास ह्याहून अधिक कारण लागत नाही. तथापि वारशाची वस्तू, स्मृती आणि नाते ह्या तिन्हींचा जो परस्परसंबंध तिच्यात साधला आहे तो वरवरच्या वाचनात हाती येत नाही. परभाषेत नेऊ पाहणाऱ्यास तर तो पावलोपावली अडवतो.

कवितेचा विषय दोन वाक्यांत सांगता येईल. घराच्या फडताळात एक गाठोडे आहे. त्यात तळाशी आजीची लग्नातली हिरवी पैठणी जपून ठेवलेली आहे. नात ती कधीतरी काढून उराशी धरते, तिच्या स्पर्शात तिला आजी भेटते, आणि शेवटी ती पैठणीवरच्या चौकड्यांनाच आजीकडे आपली खुशाली पोचविण्यास सांगते.

प्रथम जागा पाहण्यासारखी आहे. पैठणी काचेच्या कपाटात नाही, पेटीतही नाही. ती गाठोड्यात आहे. पेटीला कुलूप असते, तिच्यात ठेवलेल्या वस्तूला किंमत असते आणि बहुधा हक्काचा प्रश्नही असतो. गाठोडे बांधतात ते ज्या वस्तू वापरात नाहीत पण टाकवत नाहीत त्यांचे. शिवाय ह्या गाठोड्यात पैठणीचे शेजारी कोण? कुंच्या आणि टोपडी, शेले आणि शाली. तान्ह्या मुलाचे पहिले कपडे आणि नववधूचे वस्त्र एकाच जुन्या फडक्यात बांधलेले आहेत. जन्म आणि लग्न हे कुळ वाढविणारे दोन प्रसंग असे एकत्र गुंडाळून ठेवताना कवयित्रीने त्यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही. ती केवळ यादी देते. अशा ठिकाणी न बोलण्याचा हा संयम मराठी भावकवितेत पुष्कळदा आढळत नाही.

आता स्मृतीविषयी. नात ज्या प्रसंगाचे चित्र उभे करते तो आजीच्या लग्नाचा आहे. पदर हाती धरून वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारी ती नवी नवरी नातीने पाहिलेली असणे शक्यच नाही. म्हणजे कवितेच्या मध्यभागी असलेली आठवण बोलणाऱ्याची नाहीच. युरोपीय साहित्यात वस्तू आणि स्मृती यांचा विचार निघाला की मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतील चहात बुडविलेल्या केकच्या तुकड्याचा दाखला हटकून दिला जातो. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या खंडातला तो प्रसंग निवेदकाच्या स्वतःच्या बालपणाचे दार उघडतो. जे एकदा अनुभवले आणि विसरले तेच त्याला परत मिळते. ‘पैठणी’त परत मिळण्यासारखे नातीचे स्वतःचे काही नाही. तिला मिळते ते न अनुभवलेल्याचे स्मरण, आणि वारसा ह्या शब्दाचा खरा अर्थ येथे लागू पडतो. शेत, घर, दागिना यांप्रमाणे आठवणही एका पिढीकडून दुसरीकडे जाते; फक्त ती जाण्यासाठी तिला एखाद्या वस्तूचा आधार लागतो.

हा आधार कसा काम करतो तेही कवितेत नेमके दिसते. पहिले साधन वास. पैठणीभोवतीचा सूक्ष्म गंध नातीला परिचयाचा वाटतो आणि त्याच वेळी परकाही. परिचयाचा, कारण घरातले श्रावण, कापूर, उदबत्त्या यांचे वळण तिच्याही वाट्याला आले आहे. परका, कारण वाळ्याच्या आणि हिन्याच्या अत्तराने माखलेली जी बोटे ह्या वस्त्राला पुसली गेली ती तिला कधी दिसली नाहीत. अत्तराची बोटे लुगड्याला पुसणे ही खरे तर किरकोळ हयगय. समारंभात जपलेले वस्त्र आठवण धरून ठेवीत नाही, ती धरून ठेवतो त्यावरचा डाग, हे कवयित्रीने अचूक हेरले आहे. संग्रहालयातील तज्ज्ञ असा डाग आढळला तर त्याची नोंद दोष म्हणून करील.

दुसरे साधन पोत. नवी कोरी पैठणी ताठ असते; रेशीम आणि जर यांच्या वजनाने ती अंगावर उभी राहते, बसत नाही. संसाराच्या सवयीबरोबर तिचा ताठपणा जातो आणि ती मऊ होत जाते. वस्त्राचा आणि नेसणारीचा जीवनक्रम येथे एकच झाला आहे, आणि तो अलंकाराने जुळविलेला नाही. कापड जुने होण्याच्या सामान्य धर्मातूनच तो आपोआप निघाला आहे. म्हणून शेवटी नात जो मऊ स्पर्श अनुभवते तो लग्नातल्या नवरीचा नसून आयुष्य जगून झालेल्या बाईचा आहे. नवरीने नेसली तेव्हा पैठणीला हा स्पर्शच नव्हता. तो आजीने घडविला, आणि ह्या अर्थाने येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराने अर्धीच विणलेली ती पैठणी पुढे आजीने विणून पुरी केली असे म्हणता येईल.

नात्याचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. ह्या कवितेत आई नाही. आजी आहे आणि नात आहे. मधले माणूस, ज्याच्यामुळे ह्या दोघींचे नाते अस्तित्वात आले, ते कोठेही दिसत नाही. मधली वर्षे गळून पडतात असा आशय शेवटी येतो खरा, पण वर्षांबरोबर एक अख्खी पिढीही गळून पडली आहे, हे बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. त्याला कारण आपली भाषा. मराठीत ‘आजी’ म्हटले की पुरते. ती बापाची आई की आईची आई, हे शब्द सांगत नाही आणि ऐकणारा विचारीत नाही. संस्कृताला ही मोकळीक नाही. तेथे पितामही आणि मातामही निराळ्या. हिंदीत दादी आणि नानी निराळ्या. ‘आजोळ’ हा शब्द मात्र मराठीने फक्त आईच्या माहेरासाठी राखून ठेवला आहे, हा एक मौजेचा अपवाद.

पैठणी नातीकडे कोणत्या वाटेने आली, हा प्रश्न म्हणून कवितेत उद्भवतच नाही. पण तो खोटा नाही. लग्नात मिळालेले वस्त्र हे स्त्रीधन. आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला राहून विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेने स्त्रीधनाचा जो वारसाक्रम लावून दिला त्यात प्रथम अविवाहित मुलगी, मग विवाहित मुली, आणि त्यांच्या पाठोपाठ मुलीची मुलगी येते. मुलगे त्यानंतर. बाईचे धन बाईकडून बाईकडे जावे, अशी ही व्यवस्था १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बदलेपर्यंत निदान तत्त्वतः चालू होती. त्या हिशेबाने नात ही मुलीची मुलगी असावी. उलट पैठणी जर अजून सासरच्याच फडताळात असेल, आणि कवितेतले गाठोडे घरचेच वाटते, तर नात मुलाची मुलगी ठरते. धर्मशास्त्र एका बाजूला ओढते आणि फडताळ दुसऱ्या बाजूला. कवितेने हा तंटा मिटविलेला नाही. ‘आजी’ हा एकच शब्द वापरून तिने तो उपस्थितच होऊ दिला नाही.

ह्याला जोडून दुसरी एक गोष्ट. पितरांशी बोलण्याची शास्त्रोक्त रीत आपल्याकडे तर्पणाची. तीळ आणि पाणी हाती घेऊन नाव आणि गोत्र उच्चारावयाचे. त्यांत पितामही आणि मातामही यांचेही उच्चार येतात. परंतु परंपरेने हा उच्चार पुरुषाने करावयाचा. नातीच्या हाती तो अधिकार नव्हता. तिच्या हाती पैठणी आहे. दिवंगत आजीला उद्देशून काही बोलावयाचे तर ते ती ह्या वस्त्राच्या द्वारा बोलते, आणि तेथे नाव लागत नाही, गोत्र लागत नाही, बापाकडून की आईकडून हेही सांगावे लागत नाही. कवितेच्या अखेरच्या संबोधनाला जी गंभीरता आली आहे तिचे मूळ येथे असावे.

त्या संबोधनात निरोप आहे, आणि निरोप घरच्या पत्रातला आहे. ‘कुशल’ हा शब्द एके काळी प्रत्येक मराठी पत्राच्या आरंभी असे. इकडचे क्षेम कळवून तिकडचे विचारावयाचे. शान्ताबाईंनी ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला होता ही माहिती येथे उपयोगी पडते. अचेतनाला दूत करण्याचा धिटाईचा प्रकार कालिदासाने केला आणि धूम, तेज, पाणी व वारा यांच्या ह्या गोळ्याला निरोप कसा कळणार, ही शंकाही स्वतःच उपस्थित करून तिचे उत्तर दिले : कामार्त माणसाला चेतन आणि अचेतन यांतला भेद उरत नाही. ‘पैठणी’तील नात तीच रीत वापरते. अंतर मात्र बदलले आहे. यक्षाचा निरोप रामगिरीहून अलकेला, म्हणजे एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जावयाचा होता. नातीचा निरोप कालाच्या उलट दिशेने, जिवंत माणसाकडून मृताकडे जावयाचा आहे. वारशाच्या वस्तू पूर्वजांकडून आपल्याकडे काही आणतात, असे आपण मानतो. येथे तीच वस्तू परत पाठविली जात आहे. आणि निरोपात मागणी नाही, गाऱ्हाणे नाही, आशीर्वादाची याचनासुद्धा नाही. मी बरी आहे एवढेच. यक्षाच्या लांबलचक निरोपापेक्षा ह्या निरोपाचा आटोपशीरपणा अधिक घरगुती आहे.

कवितेवर घेता येण्यासारखा मुख्य आक्षेप आजीच्या मरणाविषयीचा आहे. नवरा हयात असताना आजीला मरण आले आणि तिचे सोने झाले, असा कवितेचा निर्वाळा आहे. ‘सोने होणे’ हा वाक्प्रचार पैठणीच्या जरीशी सहज जुळतो, ते ठीकच. परंतु अहेव मरणाचा आदर्श येथे जसाच्या तसा स्वीकारलेला आहे, हे नाकारता येत नाही. आजी आजोबांमागे राहिली असती तर? ज्या समाजात ही कविता घडते त्यात विधवेच्या अंगाला पैठणी पुन्हा लागली नसती. ती घडी मोडली गेली नसती, पोत मऊ झाला नसता आणि गाठोड्यातल्या वासाचा अर्थही निराळा झाला असता. अशा पैठण्या महाराष्ट्रात थोड्या नव्हत्या. त्यांची कविता ही नव्हे. ज्या आजीचे वस्त्र शेवटपर्यंत तिचे राहिले तिच्याचविषयी ही कविता बोलू शकते, आणि ही तिची मर्यादा आहे; परंतु ह्या मर्यादेचे भान कवितेला असल्याची खूण कोठे सापडत नाही. समीक्षकाने हे स्पष्ट म्हटले पाहिजे. विणकराच्या कष्टांबद्दल कविता बोलत नाही हा आक्षेपही कधी ऐकू येतो. तो मात्र अस्थानी आहे. घरात शिरलेल्या वस्तूची कविता लिहिताना बाजाराची कविता लिहावयास हवी होती, असे म्हणण्यात अर्थ नाही.

आता ही कविता जयपूरच्या हिंदी वाचकापुढे न्यावयाची आहे असे समजू. तो वाचक वस्त्राच्या भाषेला अनोळखी नाही. राजस्थानात मूल जन्मल्यावर बाळंतिणीला माहेराहून पिळा म्हणजे पिवळी ओढणी येते; बहिणीच्या मुलांच्या लग्नात भाऊ मायरा किंवा भात घेऊन येतो आणि तिला चुनरी पांघरतो. तेथे ओढणीकडे पाहून ती कोणत्या घरून, कोणत्या प्रसंगी, कोणत्या नात्याने आली हे ओळखता येते. म्हणूनच तो वाचक मराठी वाचकाने न विचारलेला प्रश्न प्रथम विचारील : ही पैठणी माहेरची की सासरची, आणि ही आजी दादी की नानी?

अनुवादकाला उत्तर द्यावे लागेल. ‘दादी’ लिहिले तर फडताळ खरे ठरते आणि कविता एका घराण्याची होते. ‘नानी’ लिहिले तर स्त्रीधनाची जुनी वाट खरी ठरते, पण गाठोडे त्या घरात कसे आले याचा उलगडा करणारी आई आपोआप कवितेत शिरते. ‘आजी’ तसेच ठेवावे म्हणावे तर पूर्वेकडच्या अवधी-भोजपुरी मुलखात हा शब्द बापाच्या आईसाठीच चालतो. म्हणजे तटस्थ समजून ठेवलेला शब्दही तेथे एका बाजूला कलतो. जयपूरकराला तो निव्वळ परका वाटेल, आणि ह्या ठिकाणी परका वाटणेच त्यातल्या त्यात बरे. ‘अहेव’साठी हिंदीत ‘सुहागिन’ हा शब्द तयार आहे; पण तो सौभाग्यातून आलेला आहे आणि मराठी शब्द ‘अविधवा’पासून. आपल्या शब्दात वैधव्याची भीती दडलेली आहे, हिंदी शब्दात केवळ मांगल्य आहे. ती भीती अनुवादात नाहीशी झाली तर वर घेतलेला आक्षेपही हिंदी वाचकाला कळणार नाही. ‘कालपट’ मात्र सुखरूप जातो, कारण पट म्हणजे वस्त्र हा अर्थ दोन्ही भाषांना संस्कृताकडून सारखाच मिळाला आहे.

राहता राहिल्या चौकड्या. निरोप पदराला सांगितलेला नाही, काठाला नाही. उभे आणि आडवे धागे जेथे एकमेकांना छेदतात त्या चौकड्यांना सांगितला आहे. उभा धागा वंशाचा मानला आणि आडवा सोयरिकीचा, तर प्रत्येक घराचे कापड ह्या दोहोंनी विणले जाते, आणि आजी जेथे घरात आली तो बिंदू अशाच एका छेदावरचा आहे. हे विवेचन कवयित्रीने योजिले असेल असे नाही. वस्त्र आपल्या रचनेनेच ते पुरविते. पण ‘चौकडी’ हा शब्द हिंदीत न्यावा तर विचित्र पंचाईत होते. सर्वसाधारण हिंदी वाचकाला चौकड़ी म्हटले की हरणाची उडी आठवते, नाहीतर चार जणांचे टोळके. ‘चारख़ाना’ म्हणावे तर तो कापडाच्या दुकानातला शब्द. त्याला हाक मारून निरोप सांगवत नाही. ह्या बाबतीत जयपूरचा वाचक इतर हिंदी वाचकांहून भाग्यवान आहे. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेले ते शहर काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी चौकोनांत विभागलेले आहे, आणि त्या प्रत्येक चौकोनाला तेथे चौकड़ीच म्हणतात : चौकड़ी सरहद, चौकड़ी मोदीख़ाना, चौकड़ी विश्वेश्वरजी, चौकड़ी घाट दरवाज़ा. पैठणीच्या चौकड्यांना नातीने घातलेली साद जयपूरच्या जुन्या वस्तीतला माणूस ऐकेल तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणाऱ्या घरांचा एखादा मोहल्ला उभा राहील. तेथे तरी अनुवादकाने मूळ शब्द बदलू नये.